सॉनिकची दोन घरे

आमच्या सीमाभागातल्या माणसाला एका वस्तूची दोन नावे ही गोष्ट लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. गल्लीत एक नाव, कचेरीत दुसरे. बाजारात भाजी एका भाषेत मागायची आणि घरी आणून दुसऱ्या भाषेत निवडायची. त्यामुळे जपानात ज्या खलनायकाला ‘डॉक्टर एगमन’ म्हणतात त्यालाच अमेरिकेत तब्बल आठ वर्षे ‘डॉक्टर रोबोटनिक’ म्हणत होते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही. विशेष वाटले ते पुढचे. ही दोन नावे भाषांतर करताना सहज पडलेली नव्हती. त्यांच्यामागे दोन कचेऱ्या होत्या, मध्ये प्रशांत महासागर होता, आणि मूल कोणाचे यावरून घरात चालते तशी धुसफूस दोन्ही बाजूंना चालू होती.

ही हकीकत ‘सॉनिक द हेजहॉग’ या व्हिडिओ गेमची. ज्यांच्या घरी १९९०च्या दशकात मुले लहान होती त्यांच्यापैकी काहींना तरी ते चित्र आठवेल. टीव्हीच्या पडद्यावर एक निळा प्राणी तांबडे बूट घालून डावीकडून उजवीकडे सुसाट धावतो आहे. हिरवळ, ताडाची झाडे, धबधबे मागे पळत आहेत. मधेच रस्ता वर उचलला जाऊन पूर्ण गोल वळतो आणि हा पठ्ठ्या त्या गोलाच्या आतून, खाली डोके वर पाय, धावत बाहेर पडतो. वाटेत सोन्याच्या कड्या गोळा करायच्या. यांत्रिक किड्यांवर उडी घालून त्यांना फोडले की प्रत्येकाच्या पोटातून एखादा ससा नाहीतर पाखरू मोकळे होऊन पळते. आणि शेवटी भेटतो तो या सगळ्या जिवांना यंत्रात कोंबणारा मिशाळ, अंड्यासारख्या देहाचा शास्त्रज्ञ. तोच आपला दोन नावांचा माणूस.

हेजहॉगला मराठीत काय म्हणावे याचा मी बराच विचार केला. साळिंदर म्हणावे तर ते वेगळे जनावर. आकाराने थोराड, लांबलचक काट्यांचे. हेजहॉग ओंजळीत मावतो आणि घाबरला की अंगाचा काटेरी चेंडू करून बसतो. इंग्रजी शब्द फोडला तर ‘कुंपणातले डुक्कर’ असा अर्थ निघतो. जपानी शब्द आहे ‘हारिनेझुमी’. हारि म्हणजे सुई आणि नेझुमी म्हणजे उंदीर. एकाला त्या जिवात डुक्कर दिसले, दुसऱ्याला उंदीर. आपण त्याला हेजहॉगच म्हणू.

हा गेम काढणारी सेगा ही कंपनी जपानी म्हणून ओळखली जाते. पण तिची वंशावळ काढायला बसले की इतिहासाच्या माणसाला मजा येते. १९४० मध्ये हवाई बेटांवर, होनोलुलूला, काही अमेरिकन मंडळींनी ‘स्टँडर्ड गेम्स’ नावाची कंपनी काढली. लष्करी तळांवरच्या सैनिकांना वेळ घालवण्यासाठी नाणे टाकून खेळायची यंत्रे पुरवायची, हा धंदा. पुढे अमेरिकन सरकारने आपल्या हद्दीतल्या तळांवर जुगारी यंत्रांना बंदी घातली, तेव्हा १९५०च्या दशकाच्या आरंभी या मंडळींनी आपला पसारा जपानात हलवला. तिथे नाव होते ‘सर्व्हिस गेम्स’. या दोन शब्दांच्या आद्याक्षरांची इंग्रजी जोडणी म्हणजे ‘सेगा’. दुसरीकडे डेव्हिड रोझेन हा अमेरिकन हवाई दलातून बाहेर पडलेला तरुण टोकियोत स्थायिक झाला होता. १९५४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि ओळखपत्रासाठी झटपट फोटो काढून देणारी यंत्रे जपानात आणून बसवली. १९६५ मध्ये हे दोन्ही व्यवसाय एकत्र आले. १९६९ मध्ये कंपनी अमेरिकेतल्या एका बड्या उद्योगसमूहाला विकली गेली आणि १९८४ मध्ये हायाओ नाकायामा व तोच रोझेन यांनी जपानी भांडवल उभे करून ती परत घेतली. म्हणजे अमेरिकनांनी काढलेली, जपानात वाढलेली, अमेरिकेला दिलेली आणि जपानने परत आणलेली. असल्या घरात जन्मलेल्या पोराची भाषा कोणती, हा प्रश्न सॉनिकच्या जन्माआधीच पडून राहिलेला होता.

प्रतिस्पर्धी निन्टेंडोचे कूळ त्या मानाने सरळ. १८८९ मध्ये क्योटोत स्थापना, मूळ धंदा हाताने बनवलेले फुलांचे पत्ते. १९८३ मध्ये त्यांनी घरगुती टीव्हीला जोडायचे आठ बिटी यंत्र काढले. १९८५ मध्ये मारिओ नावाच्या नळदुरुस्ती करणाऱ्या मिशाळ नायकाचा गाजलेला गेम आला आणि मग जपान काय, अमेरिका काय, घराघरात व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेंडो असे समीकरण झाले. सेगाने २९ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानात सोळा बिटी यंत्र आणले. एका वेळी मोठा आकडा हाताळणारे, म्हणून अधिक रंग, अधिक वेग. पण मुहूर्त असा की त्याच्या सहाच दिवस आधी निन्टेंडोने मारिओचा तिसरा गेम बाजारात सोडला होता. त्या गर्दीत सेगाच्या नव्या यंत्राकडे कोण बघतो! या यंत्राचे नाव जपानात ‘मेगा ड्राइव्ह’. अमेरिकेत ते नाव वापरण्याचा हक्क मिळाला नाही म्हणून १९८९ मध्ये तेच यंत्र तिकडे ‘जेनेसिस’ म्हणून आले. यंत्रालासुद्धा दोन नावे!

यंत्र चांगले, पण त्याचा चेहरा कोणता? मारिओपुढे उभा राहील असा नायक सेगाकडे नव्हता. अॅलेक्स किड नावाचा मोठ्या कानांचा एक मुलगा होता, पण तो मारिओच्या सावलीतून कधी बाहेर आला नाही. १९९०च्या सुमाराला कंपनीने आपल्याच चित्रकारांकडून नव्या नायकाची रेखाटने मागवली. नाओतो ओशिमा या तरुण चित्रकाराने काढलेल्या चित्रांत एक काटेरी हेजहॉग होता, एक कुत्रा होता आणि पायजमा घातलेला मिशाळ जाडजूड गृहस्थ होता. सुटीवर न्यूयॉर्कला गेला असताना ओशिमा ती चित्रे घेऊन तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवून कोणते आवडते ते विचारत बसला. ही हकीकत त्याने स्वतः २०१८ मध्ये सांगितली. सर्वांत जास्त पसंती हेजहॉगला, दुसरी त्या मिशाळ गृहस्थाला. पहिला झाला सॉनिक. दुसरा झाला एगमन. नायक आणि खलनायक दोघेही एकाच वहीतून निघाले आणि दोघांची निवड रस्त्याने जाणाऱ्या न्यूयॉर्ककरांनी केली. टोकियोतल्या चित्रकाराने अमेरिकेतल्या बागेत कौल लावावा, यातच पुढच्या सगळ्या गुंत्याचे बी आहे असे मला वाटते.

रंग निळा, कारण सेगाचे बोधचिन्ह निळे. बुटांचा तांबडा-पांढरा रंग सांताक्लॉजचा आणि त्यांचे बक्कल मायकेल जॅक्सनच्या एका गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावरून उचललेले.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरायला हवे, कारण या गेमची खरी करामत तिथे आहे. ती केली युजी नाका या प्रोग्रॅमरने. १९८४ मध्ये तो सेगात दाखल झाला. सॉनिकच्या आधी दुसऱ्या एका कंपनीचा गाजलेला गेम सेगाच्या यंत्रावर उतरवताना त्याने उताराच्या जमिनीवर पात्र कसे चालवायचे याचे प्रयोग केले होते. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये जमीन म्हणजे पायऱ्या. सपाट ठोकळे एकावर एक रचलेले असत. नायक चाले, थांबे, उडी मारी. नाकाने जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला उंचीबरोबर कोनही दिला. सॉनिकच्या पायाशी दोन अदृश्य टोके ठेवली आणि ती क्षणोक्षणी खालची जमीन चाचपत राहतात. जमिनीचा कोन कळला की वेगाचे दोन भाग पाडायचे, आडवा आणि उभा. शाळेत त्रिकोणमितीत शिकलेल्या ज्या आणि कोज्या त्या याच. पण साडेसात मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला दर क्षणी असले गणित करत बसायला सवड नसते. म्हणून उत्तरांचा तक्ताच आधी तयार करून ठेवला. वर्तुळाचे ३६० अंश न करता २५६ भाग केले, कारण यंत्राच्या एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे बसतात आणि २५५च्या पुढे गेले की आपोआप पुन्हा शून्य येते. वर्तुळाचे गणित यंत्राच्या मापाचे शिवून घेतले म्हणा ना. आमच्याकडचे जुने सुतार काटकोन तपासायला तीन-चार-पाचची दोरी लावतात, त्या जातीची ही हुशारी.

यातून जे हाती आले ते त्या वेळच्या मुलांना नवे होते. उतारावर सॉनिक आपोआप वेग घेतो, चढावर दमतो, अंगाचा चेंडू करून घरंगळतो, आणि पुरेसा वेग असेल तरच तो गोल पार करतो. नसेल तर अर्ध्यातून खाली घसरतो. हेजहॉगच का निवडला याचे उत्तरही इथे आहे. चेंडू होणारा प्राणी हवा होता. चेंडू झाल्यावर तोच मारा करतो, वेगळी शस्त्रे नकोत. म्हणून सगळा गेम एका बटणावर चालतो. दिशा आणि उडी, बस्स. आजीच्या हातात दिले तरी पहिल्या मिनिटाला समजेल.

टप्पे रचले हिरोकाझू यासुहाराने. सहा प्रदेश, प्रत्येकाचे तीन भाग, आणि मग शेवटची गाठभेट. यासुहाराचे कौतुक त्या सोन्याच्या कड्यांसाठी करायला हवे. अंगावर एक जरी कडी असली तरी सॉनिक मरत नाही. मार बसला की सगळ्या कड्या उधळतात आणि त्यातल्या चार-दोन तरी पुन्हा वेचायला मुलांची धांदल उडते. आंधळ्या वेगाने धावायचे धाडस मुलांना होते ते या सवलतीमुळे. पाण्याखालचा प्रदेश मात्र सावकाशीचा आणि छळवादी. श्वास संपत आला की वाजणारे ते वाढत्या लयीचे संगीत ज्यांनी ऐकले आहे त्यांच्या छातीत अजून धडधड होत असेल. सॉनिकला पोहता येत नाही, कारण नाकाची समजूत होती की हेजहॉग पोहत नाहीत. वास्तविक ते पोहतात. पण त्या समजुतीपायी एका पिढीने पाण्याचा धसका घेतला.

संगीत दिले मासातो नाकामुरा यांनी. ‘ड्रीम्स कम ट्रू’ या जपानातल्या लोकप्रिय वाद्यवृंदाचे ते बासवादक. गेम संपल्यावर जी नामावली येते तीत त्यांचे नाव जसेच्या तसे, पूर्ण आहे. पण ज्यांनी हा गेम घडवला त्या मुख्य तिघांची नावे शोधू गेल्यास सापडत नाहीत. त्या काळी सेगा आपल्या नोकरांची खरी नावे छापू देत नसे. म्हणून नाकाच्या जागी ‘यू २’ आहे, कारण युजीतला ‘जी’ म्हणजे जपानीत दोन. यासुहाराच्या जागी ‘कॅरोल यास’. आणि ओशिमाच्या जागी ‘बिगआयलंड’. ‘ओ’ म्हणजे मोठे, ‘शिमा’ म्हणजे बेट. चित्रकाराने आपल्या आडनावाचे इंग्रजी भाषांतर करून त्याआड तोंड लपवले. भाषांतराचा असा उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. जगभर ज्या निळ्या प्राण्याचा चेहरा पोरे वहीवर काढत होती, त्याच्या बापाचे नाव मोठे बेट!

इकडे कॅलिफोर्नियातली सेगाची अमेरिकन शाखा स्वस्थ बसलेली नव्हती. १९९० मध्ये तिच्या प्रमुखपदी टॉम कॅलिन्स्के आले. खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीत त्यांची हयात गेली होती. नाकायामांनी त्यांना गाठले ते हवाईच्या समुद्रकिनाऱ्यावर, ते सहकुटुंब सुटीवर असताना. सेगाच्या कुंडलीत हवाई दोनदा येते ते असे. कॅलिन्स्केंनी जपानी संचालकांपुढे बेत मांडला: यंत्राची किंमत उतरवा, निन्टेंडोला जाहिरातीत उघड आव्हान द्या, अमेरिकन मुलांसाठी अमेरिकेत गेम करा, आणि यंत्राबरोबर जो जुना गेम फुकट देता त्याऐवजी नवाकोरा सॉनिक द्या. संचालकांना हे मुळीच मान्य नव्हते. आपला सर्वांत चांगला माल फुकट वाटायचा? पण नाकायामांनी, मनातून पटलेले नसतानाही, होकार दिला. १९९१च्या नाताळात अमेरिकेत सेगाचे यंत्र निन्टेंडोच्या नव्याकोऱ्या सोळा बिटी यंत्रापेक्षा अधिक खपले.

मात्र त्याआधी अमेरिकन शाखेने सॉनिकला आपल्या पद्धतीने न्हाऊमाखू घातले होते. टोकियोहून आलेल्या मूळ आराखड्यात सॉनिकला सुळे होते, गळ्यात गिटार होती, त्याचा एक वाद्यवृंद होता, आणि मॅडोना नावाची चक्क माणसाची मैत्रीण होती. अमेरिकेत हे चालणार नाही, असे मॅडलिन श्रोडर यांच्यासारख्या तिकडच्या अधिकाऱ्यांनी ठामपणे सांगितले. सुळे गेले, मैत्रीण गेली. वाद्यवृंद गेला तो काही प्रमाणात जागेअभावी. सगळा गेम ५१२ किलोबाइटच्या चिपमध्ये बसवायचा होता आणि गेम सुरू होताना ‘सेऽऽगा’ असा जो गजर होतो त्या एका आरोळीनेच सुमारे आठवा हिस्सा खाल्ला होता. खलनायकालाही बारसे घडले. ‘एगमन’चा ‘रोबोटनिक’ झाला. शिवाय अमेरिकन प्रचारसाहित्यात त्याला पूर्वचरित्र मिळाले: मुळात तो एक दयाळू शास्त्रज्ञ, अपघातात बिघडलेला. आणि हे सगळे घडते तो ‘मोबियस’ नावाचा ग्रह. जपानी पुस्तिकेत यातले काहीही नाही. तिथे एक बेट आहे, एक दुष्ट शास्त्रज्ञ आहे, आणि कथा तेवढीच.

यात कोणाचे बरोबर? अमेरिकन बाजूची माणसे पुढे सांगत आली की आम्ही सुळे काढले म्हणून सॉनिक जगभर चालला. जपानी बाजूची माणसे म्हणतात की आमच्या निर्मितीत ढवळाढवळ झाली. मला विचाराल तर सुळे नसलेला सॉनिक बरा. पण मुले त्याच्या मागे लागली ती सुळे नव्हते म्हणून नव्हे, तो उतारावर ज्या डौलाने घरंगळतो त्यासाठी, आणि तो डौल टोकियोत रात्री जागवणाऱ्या हातांचा होता. श्रेयाच्या वाटपात मात्र तेच हात टोपणनावांच्या मागे राहिले.

जपानात हा गेम अमेरिकेनंतर महिन्याने, २६ जुलै १९९१ रोजी आला. स्वतःच्या घरी पाहुण्यानंतर. त्या महिन्याभरात आकाशातले ढग वेगवेगळ्या गतीने सरकावेत, पाण्याखाली चित्र लहरावे, अशा काही सुधारणा करून घेतल्या गेल्या. त्या फक्त जपानी आवृत्तीला मिळाल्या.

आपल्याकडे यातले काय पोचले? सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी वितरणाचा करार केला, तो ८० टक्के आयात कर चुकवण्यासाठी. तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळात एवढे पैसे खेळण्यावर घालणारी घरे आमच्या गावात तरी मोजकीच. बाकीच्यांकडे आठ बिटी नकली संच आणि एकाच कॅसेटमध्ये पुष्कळ गेम असल्याची बढाई. माझ्या पाहण्यात मेगा ड्राइव्ह आले ते मेव्हण्याने आखातातून आणलेले. माझे भाचे ते आमच्या टीव्हीला जोडून तासन्‌तास खेळत. एकदा त्यांचा आणि मुंबईहून आलेल्या त्यांच्या चुलतभावाचा वाद माझ्यापुढे निवाड्याला आला. चुलतभाऊ कुठल्याशा परदेशी मासिकाच्या जोरावर म्हणत होता की त्या मिशीवाल्याचे नाव एगमन. भाचा पुस्तिका नाचवत म्हणाला, “मामा, यात रोबोटनिक छापलंय की नाही ते तुम्हीच वाचा!” दोघेही खरे होते. पण दोघेही खरे असू शकतात हे दहा वर्षांच्या मुलांना पटवणे म्हणजे महाकठीण.

त्या टीव्हीबद्दल एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. अमेरिका आणि जपानचे टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवत. भारत, युरोप आणि आखातात चालणारी पाल पद्धत ५० दाखवते. सॉनिकच्या पहिल्या गेममध्ये सगळी गती चित्रागणिक बांधलेली आहे. स्वतःच्या पायांनी सपाटीवर धावताना तो एका चित्रात जास्तीत जास्त सहा ठिपके पुढे जातो. जपान-अमेरिकेत हे सेकंदाला ३६० ठिपके होतात, पाल टीव्हीवर ३००. आणि पडद्याची रुंदी ३२० ठिपके. म्हणजे तिकडे तो सेकंदाला एक पडदा ओलांडून पुढे जाई, आणि आमच्याकडे एका सेकंदात पडदाही पुरा होत नसे. संगीतही त्याच हिशेबाने संथ. जगातला सर्वांत वेगवान प्राणी आमच्या दिवाणखान्यात एक षष्ठांशाने हळू धावत होता आणि तरी आमच्या मुलांचे डोळे फिरत होते. दुसऱ्या गेममध्ये पाल टीव्हीसाठी संगीताची लय दुरुस्त केली. धाव मात्र संथच राहिली.

त्या दुसऱ्या गेमची कथा अधिक क्लेशदायक आहे. पहिला गेम एवढा गाजूनही पगार आणि मान या दोन्ही बाबतींत आपल्याला डावलले गेले असे नाकाला वाटले आणि त्याने सेगा सोडली. मार्क सर्नी हा अमेरिकन तरुण त्या वेळी सेगासाठी कॅलिफोर्नियात ‘सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट’ ही शाखा उभी करत होता. जपानी आणि अमेरिकन कारागिरांनी एका छपराखाली बसून काम करावे ही त्याची कल्पना. टोकियोत तो नाकाच्या घरी गेला आणि त्याने नाकाला अमेरिकेला येण्यास राजी केले. यासुहाराही आला. ओशिमा जपानातच राहिला, आणि सॉनिकचा चित्रकार व सॉनिकचा प्रोग्रॅमर इथून दोन देशांत दोन वेगवेगळे सॉनिक करू लागले. ओशिमाचा गेम १९९३ मध्ये आला.

कॅलिफोर्नियातल्या छपराखाली मात्र सूर जुळले नाहीत. जपानी मंडळी मध्यरात्र उलटेपर्यंत कामाला जुंपलेली. अमेरिकन मंडळींच्या कामाच्या वेळा वेगळ्या, सवयी वेगळ्या. बोलायची भाषा अर्धीमुर्धी. अमेरिकन चित्रकारांनी महिनोन्‌महिने खपून केलेले प्रदेश शेवटच्या घाईत कापले गेले. क्रेग स्टिट या चित्रकाराचा ‘हिडन पॅलेस’ हा चमचमत्या स्फटिकांचा भुयारी महाल त्यांपैकी एक. छापून आलेल्या छायाचित्रांत तो होता, गेममध्ये नव्हता. त्याचे अवशेष कॅसेटच्या पोटात तसेच पडून राहिले आणि मोबाइल फोनसाठी २०१३ मध्ये तो गेम पुन्हा बांधला गेला तेव्हा, एकवीस वर्षांनी, त्या महालाचे दार उघडले.

याच गेममध्ये सॉनिकला सोबती मिळाला. दोन शेपट्यांचा छोटा कोल्हा. जपानी लोककथांत पुष्कळ शेपट्यांचे मायावी कोल्हे असतात, त्यांच्या घराण्यातला. तो काढला यासुशी यामागुची याने आणि नाव ठेवले ‘माइल्स प्रॉवर’. भरभर म्हणून पाहा, ‘माइल्स पर अवर’ ऐकू येईल. जपानी माणसाने इंग्रजीत केलेला हा श्लेष नेमका इंग्रजी बोलणाऱ्यांनाच रुचला नाही. अमेरिकन शाखेला ‘टेल्स’ हवे होते, म्हणजे सरळ ‘शेपट्या’. यामागुची हटेना. शेवटी तोड निघाली: पाळण्यातले नाव माइल्स, हाक मारायचे नाव टेल्स. आपल्याकडे बारशाचे नाव भास्कर आणि घरात बाळ्या असते तसे. गंमत अशी की कॅसेटच्या आत दोन्ही नावे आहेत. यंत्र जपानी असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात ‘माइल्स’ दिसते, परदेशी असेल तर ‘टेल्स’. एकच कॅसेट, पण घर बघून बोलते.

२४ नोव्हेंबर १९९२, मंगळवारी, हा गेम अमेरिका आणि युरोपात एकाच दिवशी विक्रीला ठेवला गेला. जपानात तीन दिवस आधी, या वेळी घरच्यांना प्रथम. एकाच दिवशी अनेक देशांत गेम उतरवण्याची ही पद्धत तेव्हा नवी होती. आज तिचे कोणाला काही वाटत नाही. खप प्रचंड झाला. पण त्यानंतर नाकाने सांगून टाकले की यापुढे आपण जपानी सहकाऱ्यांबरोबरच काम करू. १९९४चे पुढचे दोन गेम त्याच इमारतीत, पण निव्वळ जपानी बोलणाऱ्या गटाने केले. अमेरिकन गटाने शेजारच्या खोल्यांतून स्वतंत्र गेम केला. सर्नीची एका छपराची कल्पना एका गेमपुरतीच जगली. याचे मला वाईट वाटते, कारण तो दुसरा गेम, कापाकापी होऊनही, पहिल्यापेक्षा सरस आहे.

पुढचा काळ सेगाला वाईट गेला. नवनवी यंत्रे काढली, ती पडली, टोकियो आणि कॅलिफोर्नियातले मतभेद वाढत गेले. कॅलिन्स्के १९९६ मध्ये बाहेर पडले. जानेवारी २००१च्या अखेरीस सेगाने घरगुती यंत्रे बनवणे बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला आणि २००७ मध्ये तो मारिओबरोबर एकाच गेममध्ये ऑलिंपिकच्या शर्यतीत उतरला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शाळांच्या पटांगणात या दोघांवरून मुलांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या, ती मुले तोवर नोकरीला लागली होती.

नावांचा तंटा मात्र मिटला होता, आणि कसलाही करारमदार न होता मिटला होता. १९९८च्या डिसेंबरात जपानात आणि १९९९ मध्ये अमेरिकेत ‘सॉनिक अॅडव्हेंचर’ आला. त्यात पात्रे प्रथमच भरभरून बोलत होती, आणि बोलायचे म्हणजे हाक मारणे आले. इंग्रजी आवृत्तीत डॉक्टर स्वतःची ओळख रोबोटनिक अशी करून देतो. सॉनिक त्याला चिडवून एगमन म्हणतो. चिडवण्याचे नावच पुढे रूढ झाले. जून २००१ मध्ये सॉनिकच्या दहाव्या वाढदिवशी जपानात निघालेल्या गेममध्ये त्याच्या आजोबांची कथा आली. आजोबांचे नाव जेराल्ड रोबोटनिक. ज्या नावाला टोकियोने दहा वर्षे दारात उभे केले नव्हते ते असे घराण्याचे आडनाव होऊन मूळ घरात आले. २०२०च्या इंग्रजी चित्रपटातही तो रोबोटनिकच आहे आणि सॉनिक त्याला एगमन म्हणूनच चिडवतो. यामागुचीच्या कोल्ह्याला सगळे जग टेल्स म्हणते. कागदोपत्री तो अजून माइल्स प्रॉवर आहे.